पोकळदांडी

सोमवार, ४ मार्च

यंत्र आलं. त्याच्याबरोबर कंपनीने ही वहीही दिली. मुकादम म्हणाले, "कामाचे तास लिहायला ठेवा." पण तास ऑफिसच्या रजिस्टरमध्ये लिहावेच लागतात, तेव्हा ही वही माझी. मनात येईल ते लिहिणार. कुणाला दाखवणार नाही, मास्तरांनाही नाही. (मास्तर म्हणजे आमचे हे. टेलर आहेत, घराच्या पुढच्या खोलीत दुकान. सगळं गाव मास्तर म्हणतं, मीही म्हणते.)

अकरा वर्षं नालेसफाईच्या या खात्यात मी विळा घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिले. गावातले नाले, ओढे, कालवा मला पायांनी पाठ आहेत. यंत्र चालवायच्या परीक्षेला आम्ही चौघं बसलो, मी पहिली आले. बाकीचे तिघे ड्रायव्हर अजून तोंड वाकडं करून आहेत. "एवढं धूड बाईमाणसाच्या हाती?" एक जण मला ऐकू जाईल असं म्हणाला.

ट्रॅक्टरच्या बाजूला सहा मीटर लांब लोखंडी हात, टोकाला पात्यांचा ढोल. ढोल गरागरा फिरतो आणि पाण्यातलं, काठावरचं गवत कापून लांब भिरकावतो. गड्यांनी पहिल्या तासातच त्याचं नाव 'जिराफ' ठेवलं.

आठवडा ठरला. सोमवारी कागद कारखान्यामागचं तळं, मंगळवारी हॉस्पिटलचा नाला, बुधवारी वरचा कालवा, गुरुवारी शाळेमागचा ओढा, शुक्रवारी नर्सरीकडचा नाला. शनिवारी यंत्र धुवायचं, तेलपाणी करायचं.

आज तळं केलं. तिथे एक नवीनच गवत माजलंय. पाण्यावर हिरवी गादी अंथरल्यासारखं, वर कागदाची केल्यासारखी पांढरी फुलं. वॉचमन म्हणाला, गेल्या वर्षी नव्हतं. मी निम्मं तळं दुपारपर्यंत मोकळं केलं. वॉचमनने टाळ्या वाजवल्या. अकरा वर्षांत माझ्या कामाला कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

शुक्रवार, ८ मार्च

आज भावाच्या दारातलं काम. धाकटा भाऊ, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. त्याची पाणवनस्पतींची नर्सरी आहे. कमळं, तळ्यातली शोभेची झाडं, सिमेंटच्या टाक्यांतून आणि टबांतून वाढवतो. आई त्याच्याकडेच असते.

नर्सरीच्या कुंपणाला लागूनच नाला. जिराफ पाहायला सगळे बाहेर आले. मी जरा ऐटीतच हात लांब केला, तर ढोलाने भिरकावलेलं गवत कुंपणावरून थेट टाक्यांत.

"ताई, थुंकतोय तुझा जिराफ माझ्या कमळांवर!" भाऊ ओरडला.

"खत समज!" मी वरूनच म्हटलं.

भावजय हसून हसून बेजार. आई काठी टेकत कुंपणापर्यंत आली आणि सगळ्या गड्यांसमोर म्हणाली, "हिला सायकल शिकवताना हिने तीन वेळा दुधवाल्याला पाडलंय. सांभाळा रे बाबांनो."

अंग दुखतंय, पण किती बरं वाटतंय.

मंगळवार, २६ मार्च

हॉस्पिटलच्या नाल्यात तेच पांढऱ्या फुलांचं गवत. हातभर पट्टा. तळं इथून चार किलोमीटर, मध्ये टेकडी. वाऱ्याने बी उडून आलं असणार. कापून टाकलं.

गुरुवार, ४ एप्रिल

शाळेमागच्या ओढ्यातही आलंय. शाळेच्या शिपायाने विचारलं, "हे काय नवीन?" म्हटलं, "पाहुणा आहे, माझ्या हातून जातो की नाही बघ." कापलं. तळ्यातलं मात्र पहिल्याहून दाट आलंय. दोनदा कापलं तरी.

मुकादमांना सांगितलं. ते म्हणाले, वरून कुणीतरी तज्ज्ञ बोलावतो.

मंगळवार, ९ एप्रिल

तज्ज्ञ मॅडम आल्या. माझ्याहून लहान असतील. गळ्यात दोरीला भिंग, पायात गुडघ्यापर्यंत बूट. आल्या त्या सरळ नाल्यात उतरल्या. मला आवडलं. गड्यांनी लगेच 'भिंगवाल्या मॅडम' केलं.

त्यांनी दोन काड्या माझ्या हातात दिल्या. "फरक सांगा."

दोन्ही सारख्याच वाटल्या. समोरासमोर पानं, पांढरी फुलं.

"फूल कुठून निघालंय ते बघा."

मग दिसलं. एकीचं फूल पानाच्या बगलेत चिकटून बसलंय, त्याला देठच नाही. दुसरीचं फूल बोटभर देठावर वर आलंय.

"बिनदेठाचं ते आपलं जुनं, निरुपद्रवी. देठावरचं हे नवीन. आता दांडी मोडा."

नव्याची दांडी आतून पोकळ, नळीसारखी. म्हणून तर पाण्यावर तरंगतं. त्याचं शास्त्रीय नाव त्यांनी तीनदा सांगितलं, माझ्या जिभेवर काही बसेना. आम्ही 'पोकळदांडी' म्हणायला लागलो, मग त्याही म्हणायला लागल्या.

मी म्हटलं, "वाऱ्याने बी पसरलं असेल ना?"

"याला आपल्याकडे बी धरतच नाही," मॅडम म्हणाल्या. "वारा नाही, पाखरं नाहीत. दांडीवर ही गाठ आहे ना, जिथून पानं फुटतात? गाठ असलेला नखाएवढा तुकडा पुरतो. तो पाण्याबरोबर खाली वाहत जातो, नाहीतर माणूस नेतो. टेकडीच्या दोन्ही बाजूंना सापडलं, म्हणजे कुणीतरी नेलं. शोभेची झाडं विकणारे, घरात मासे पाळणारे, असे लोक बहुतेक वेळा निघतात."

मग विचारलं, "कापलेलं सगळं उचलता ना?"

मी हो म्हटलं. मोठे ढीग उचलतो, तेवढं खरं आहे.

बुधवार, १० एप्रिल

डोक्यातून जात नाही. शोभेची झाडं विकणारे. गावात असा एकच माणूस आहे.

रविवार, १४ एप्रिल

आईला भेटायला म्हणून गेले. खरं तर टाक्या बघायला गेले. भाऊ गिऱ्हाईकाशी बोलत होता. मी मागच्या ओळीत गेले. तिसऱ्या टाकीत कमळाच्या पानांमधून पांढरी फुलं. देठावरची. एक काडी मोडून पाहिली, पोकळ.

भावजय म्हणाली, "वन्सं, जेवून जा." म्हटलं, घाई आहे. भावाकडे बघवलं नाही. त्याला विचारायला हवं होतं का? विचारलं असतं तर त्याने ते उपटून टाकलं असतं आणि मग गावभर कुठे कुठे गेलंय ते कधीच कळलं नसतं. असं मी स्वतःला सांगतेय.

सोमवार, १५ एप्रिल

मॅडमना सांगितलं. माझं नाव घेऊ नका म्हटलं.

गुरुवार, १८ एप्रिल

सकाळी दहाला तपासणी. मॅडम, दोन निरीक्षक, मुकादम आणि वाट दाखवायला मी. पोकळदांडी तीन टाक्यांत निघाली. मॅडम म्हणाल्या, मुळांत तुकडे अडकलेले असू शकतात, त्यामुळे पाण्यातलं सगळंच नष्ट करावं लागेल. मोठा खड्डा खणला. भावाने कुणाला हात लावू दिला नाही, एकेक टब स्वतः उचलून आणला. त्यात एक कमळ सात वर्षांचं होतं, त्याने बीपासून वाढवलेलं. ते खड्ड्यात ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं.

तो निरीक्षकाला म्हणत होता, "साहेब, हे मी लावलेलं नाही. नाला साफ झाल्यावर पंधरा-वीस दिवसांनी टाक्यांत दिसायला लागलं. फूल बरं होतं म्हणून वाढू दिलं."

निरीक्षक म्हणाला, "असं सगळेच म्हणतात. तुमच्या सख्ख्या बहिणीने कळवलंय, ती काय खोटं बोलेल?"

भावाने माझ्याकडे बघितलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसतं बघितलं आणि पुढचा टब आणायला गेला.

मला त्याचं ते बोलणं लागलं. नाला साफ झाल्यावर दिसलं म्हणे. म्हणजे स्वच्छता केली ती माझीच चूक! सापडलं की दुसऱ्याकडे बोट दाखवायचं.

खड्ड्यावर चुना टाकला, प्लॅस्टिक अंथरलं, माती लोटली. मी चार वाजता यंत्र शेडमध्ये लावलं आणि घरी आले. मास्तरांनी चहा करून ठेवला होता. कळलं असणारच.

शनिवार, २० एप्रिल

आई दर शनिवारी येते, आजही आली. बराच वेळ मास्तरांच्या दुकानात बटणांचा डबा घेऊन सारख्या रंगाची बटणं वेगळी करत बसली. मग माझ्याकडे आली.

"रिकाम्या टाक्यांत रोज पाणी भरतो तो," म्हणाली. "कोरड्या राहिल्या तर तडे जातात म्हणे."

मी चहाचं आधण ठेवलं.

"आधी त्याला विचारायचंस."

"विचारलं असतं तर लपवलं असतं त्याने."

"तो?" आई म्हणाली. "लपाछपी खेळतानासुद्धा हा 'मी इथे आहे' म्हणून ओरडायचा. तुला कंटाळा यायचा त्याच्याशी खेळायचा. तो काय लपवणार?"

चहा न घेताच गेली.

बुधवार, २४ एप्रिल

काम चालू. पोकळदांडी हॉस्पिटलकडे वाढतेच आहे. मॅडम नकाशावर जिथे जिथे सापडलं तिथे लाल टाचण्या लावतात. म्हणतात, विक्री बंद झाली, आता नवीन टाचणी लागू नये.

सोमवार, २९ एप्रिल

टाचणी लागली. वरच्या कालव्यात सापडलं. पाणी सोडतात त्या दरवाजाच्याही वर! पाणी काही चढावर वाहत नाही. बी धरत नाही. मग वर नेलं कुणी? मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "तिकडच्या कुणी तुमच्या भावाकडून रोपं नेली होती का, विचारता का जरा?"

विचारते म्हटलं. विचारणार कसं? तो माझा फोन उचलत नाही.

मुकादम म्हणाले, कालवा म्हणजे पिण्याचं पाणी, तिथे आठवड्यातून दोनदा कापा.

मंगळवार, ७ मे

निम्म्या गावाला पाणी नाही. जलशुद्धीकरण केंद्राच्या तोंडावरची जाळी पोकळदांडीने गच्च चोंदली. हॉस्पिटलला टँकर. आमच्या गल्लीत बायका मला बघून बोलायच्या थांबल्या. आमच्या घरातही दोनच बादल्या पाणी आहे.

केंद्रातला ऑपरेटर जाळी उपसत होता. चिडलेला होता. मूठभर गवत माझ्यासमोर धरून म्हणाला, "ताई, अख्खं झाड एक नाही. सगळे तुकडे. चिरून आणल्यासारखे."

"कुणी मुद्दाम चिरून टाकतंय की काय?" मी म्हटलं.

तो माझ्याकडे विचित्र नजरेने बघत राहिला. मग म्हणाला, "मला काय ठाऊक. मी जाळी बघतो."

उद्या-परवा दोन्ही दिवस कालव्यावर जादा काम. सगळं कापून काढते एकदा.

शनिवार, ११ मे

नीट लिहायला हवं. 

यंत्र धुवायला शेडमागे नेलं. धुवायच्या फरशीच्या पलीकडे एक उथळ चर आहे. ढोलावरून ओघळलेलं पाणी त्यातून जिरतं. त्या चरात दुसरं कुठलंच पाणी येत नाही. ना नाला, ना ओढा. माझ्या होजचं पाणी तेवढंच.

चरात पोकळदांडी होती. हिरवीगार. फुलं देठावर.

मला आधी वाटलं, इथेही कुणी आणून टाकली? मग बघत राहिले. ढोल जिथे उभा करते, बरोबर त्याच्या समोर, ढोलाच्याच रुंदीचा पट्टा. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मापात.

इंजिन बंद करून ढोलाखाली वाकले. पात्यांच्या मुळाशी, ग्रीस लावतो त्या खोबणीत, तुकडे चोंदलेले. नखाएवढे. काही वाळलेले, काही ओले. एका ओल्या तुकड्याला पांढरं मूळ फुटलेलं, यंत्रावरच.

यंत्र शनिवारी धुते. सोमवारी तळं. मग मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार.

ऑफिसमध्ये जाऊन नकाशा बघितला. टाचण्यांखाली मॅडमनी तारखा लिहिल्यात. तळं, हॉस्पिटल, ओढा, नर्सरी, कालवा. आठवडा आहे तो. माझा आठवडा.

रविवार, १२ मे

अजूनही चुकत असेन. कदाचित तो पट्टा योगायोग असेल. म्हणून खोबणीतले तुकडे चिमट्याने काढले. गाठ असलेले वीस, गाठ नसलेले वीस. चार बादल्यांत दहा-दहा टाकून झाकण लावून अंगणात ठेवले. नऊ दिवस बघणार.

मास्तरांना सगळं सांगितलं. त्यांनी मशीनचं चाक हाताने थांबवलं.

"माझ्याकडून एकदा एका लग्नाचा कोट चुकीच्या मापाने कापला गेला होता," ते म्हणाले. "कापड कापून झालं की झालं. गिऱ्हाईकाला आज सांगायचं की कोट घालून बघताना त्याला कळू द्यायचं, एवढंच आपल्या हातात राहतं."

"तुम्ही काय केलं होतं?"

"घालून बघताना कळू दिलं," मास्तर म्हणाले. "तो परत कधी आला नाही."

सोमवार, १३ मे

यंत्र बिघडलंय म्हणून सांगितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा खोटं कारण. नाही, पहिल्यांदा नाही. मॅडमना 'सगळं उचलतो' म्हटलं होतं, ते पहिलं.

मंगळवार, २१ मे

बादल्या उघडल्या. बिनगाठीचे वीसही कुजले. गाठीच्या विसापैकी अठरांना मुळं, अकरांना नवी पानं. झाकण ठेवलेल्या बादलीत, नुसत्या पाण्यावर.

भावाने सांगितलं होतं. पंधरा-वीस दिवसांनी दिसलं. मी त्याच्या टाक्यांत खत पाठवलं होतं.

बुधवार, २२ मे

मुकादमांना चारही बादल्या दाखवल्या. त्यांनी दार लावून घेतलं.

"बाई, ऐका. हे तुमच्या-माझ्यात राहू द्या. यंत्र आजपासून रोज धुवा, झालं. यंत्राचं नाव निघालं तर ते परत जाईल. आणि ते तिघे ड्रायव्हर काय म्हणतील? बाईच्या हाती दिलं म्हणून असं झालं. पुढे दहा वर्षं दुसऱ्या बाईला कुणी स्टेअरिंगला हात लावू देणार नाही."

हे खोटं नाही. म्हणून तर त्रास झाला. मुकादमांनीच मला परीक्षेला बसवलं होतं, तेव्हा कुणी तयार नव्हतं.

"आणि भावाची नर्सरी?" मी विचारलं.

"ते झालं ते झालं. टाक्यांत सापडलं होतं ना? सापडलं ते खरंच की."

मी बादल्या उचलल्या आणि मॅडमकडे गेले.

मॅडमनी एकेक तुकडा भिंगाखाली धरला.  मग म्हणाल्या, "मी पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं, कापता कशाने. तुम्ही विळ्यानेच कापता असं मी धरून चालले होते. ऑफिसच्या दारात एवढं मोठं यंत्र उभं होतं आणि मी नर्सरी शोधत होते."

"मी सगळं उचलतो म्हटलं होतं," मी म्हटलं. "ते खोटं होतं."

"ते मला कालव्याच्या काठावर राहिलेलं कापलेलं गवत बघून कळलं. तरी मी बोलले नाही," त्या म्हणाल्या. "अहवाल मी लिहिते."

"माझं म्हणणं मी लिहीन. माझ्या सहीने."

पहिल्यांदा ते गवत तळ्यात कसं आलं, ते विचारलं. कुणीतरी घरातली माशांची टाकी तिथे रिकामी केली असावी, म्हणाल्या. ते आता कधी कळायचं नाही. पण तळ्यातून गावभर कसं गेलं, ते कळलं.

शुक्रवार, ३१ मे

बैठक झाली. मोठे साहेब, मुकादम, मॅडम, तिघे ड्रायव्हर, जलशुद्धीकरणाचा ऑपरेटर. भावालाही बोलावलं होतं, त्याच्यावरच्या आदेशाचा फेरविचार होता. तो दाराजवळच्या खुर्चीवर बसला.

मी लिहिलेलं वाचलं. दीड पान. कुठल्या तारखेला कुठे कापलं, कधी धुतलं नाही, काय उचललं नाही, बादल्यांत काय झालं. 'नर्सरीतली पोकळदांडी आठ मार्च रोजी माझ्या यंत्रातून कुंपणावरून गेली' हे वाक्य अर्ध्यावर सोडलं. पाणी पिऊन परत वाचलं.

एक ड्रायव्हर हसला. साहेबांनी त्याला विचारलं, "तुम्ही असता तर धुतलं असतं रोज?" तो म्हणाला, "सूचनाच नव्हती तशी." साहेब म्हणाले, "मग हसताय कशाला?"

निकाल असा: यंत्र पुढच्या आदेशापर्यंत बंद. पोकळदांडी फक्त हाताने, मुळासकट उपटायची. नर्सरीवरचा आदेश मागे, चूक खात्याची असं लेखी पत्र. माझ्यावर ताकीद, नोकरी राहिली.

मी बाहेर येईपर्यंत भाऊ गेला होता. पत्र मात्र घेऊन गेला.

मुकादम जिन्यात भेटले. रागावले असतील असं वाटलं. म्हणाले, "हाताने उपटायची टोळी तुम्हीच घ्या. एवढं पाहून उपटणारं दुसरं कोण आहे?"

जिराफावर ताडपत्री घातली. दोरी बांधताना रडू आलं. कुणी नव्हतं, तेव्हा रडून घेतलं.

मंगळवार, ४ जून

हॉस्पिटलचा नाला, सहा जणांची टोळी. सर्वांत वयस्कर मावशी, माझ्या विळ्याच्या दिवसांपासूनच्या. खालच्या अंगाला आधी जाळं लावायचं, मग उपटायचं. बोटांनी मूळ चाचपत जायचं, ओढायचं नाही, नाहीतर तुटतं. सगळं पोत्यात, पोती प्लॅस्टिकवर उन्हात, वाळलं की जाळायचं. निघताना बूट, हातमोजे, जाळं तिथेच धुवायचं.

दिवसभरात बारा मीटर झालं. जिराफाने हे पाच मिनिटांत केलं असतं. मावशी म्हणाल्या, "केलं होतं की त्याने पाच मिनिटांत. तेच तर उपटतोय." सगळे हसले, मीही.

मॅडम म्हणतात, तीन वर्षं लागतील. तळ्याला बहुधा जास्त.

शुक्रवार, ७ जून

नर्सरीकडचा नाला. कुंपणापलीकडे भाऊ टाक्या घासत होता. आम्ही दिवसभर एकमेकांपासून दहा हातांच्या अंतरावर होतो. तो टाक्या घासत राहिला, मी मुळं चाचपत राहिले. जेवायच्या सुट्टीत भावजयीने कुंपणावरून टोळीसाठी पाण्याची कळशी दिली. माझ्याकडे न बघता.

रविवार, ९ जून

गेले. मास्तर येतो म्हणाले, मी नको म्हटलं.

परवा नाल्यात घातलेले बूटच पायात होते. दुसरे फाटलेत. फाटक उघडलं तर भाऊ आतल्या नळावर होता. मला बघून नळ बंद केला.

"तिथेच थांब," म्हणाला.

थांबले. वाटलं, इथूनच परत पाठवतोय. बरोबरच आहे.

तो नळाची नळी ओढत आला आणि माझ्या पायांशी टाकली. "बूट धू."

"परवा धुतलेत. तिथेच, नाल्यावर. दोनदा."

"धू."

धुतले. मग तो खाली बसला, माझा पाय उचलून स्वतःच्या गुडघ्यावर घेतला आणि खिशातून कलमाचा चाकू काढून बुटाच्या तळाच्या खाचा कोरायला लागला. मी फाटकाला धरून एका पायावर उभी. डाव्या बुटातून माती निघाली. उजव्या बुटाच्या टाचेतून एक हिरवा तुकडा निघाला, तांदळाच्या दाण्याएवढा.

त्याने तो तळहातावर घेतला. "गाठ आहे का याला?"

मी वाकून बघितलं. "आहे."

आम्ही दोघंही त्या तुकड्याकडे बघत होतो. दोनदा धुतल्यावरही होता. मी सगळं पाठ करून आले होते, काय म्हणायचं, कुठून सुरुवात करायची. त्यातलं काही आठवेना.

"मी आधी तुला विचारायला हवं होतं," एवढंच म्हटलं.

"हो," तो म्हणाला.

मग उठला, तुकडा काडेपेटीत टाकला, काडेपेटी खिशात. "त्या कमळाचं बी आहे माझ्याकडे अजून," म्हणाला. "सात वर्षं लागतील. पण नाला साफ झाल्याशिवाय मी टाकीत काहीही लावणार नाही. तू परत कधी येणार इकडे?"

"शुक्रवारी टोळी येईल."

"टोळीचं नाही विचारत. माझ्या टाक्यांचं. प्रत्येक टाकीचा तळ बघायला हवा आणि मला ती देठाची भानगड अजून नीट ओळखता येत नाही. तुला येते."

"बुधवारी येते. सुट्टी टाकते."

"बुधवारी ये. पण हे बूट घालून यायचं नाही."

"माझ्याकडे दुसरे नाहीत."

भावजय दारात येऊन उभी होती, कधीची कोण जाणे. म्हणाली, "वन्सं, माझे होतील तुम्हाला. इथेच ठेवलेले आहेत, बाहेर गेलेच नाहीत कधी."

घालून बघितले. बोटांना जरा घट्ट होतात. जाड मोजे घातले नाहीत तर चालतील.